मऊ भात का अडतो?

कोथरूडच्या एक वाचक लिहितात: "वय ३९. चोवीस दिवसांपूर्वी वजन कमी करण्याचं ऑपरेशन, स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढतात ते), झालं. ११२ किलो होते, पंधरा दिवसांत १०३ झाले आणि गेले नऊ दिवस काटा जागचा हलत नाही. डॉक्टरांच्या तक्त्यात अजून वाटलेलंच खायला सांगितलंय, पण अशक्तपणा येतो म्हणून सासूबाई आठवड्यापासून मऊ भात, मेतकूट, तूप देतात. चार घास होतात, मग छातीत दाटतं, तोंडाला चिकट फेस येतो आणि उलटी होते. आठवड्यात पाचदा झाली. पाण्याशिवाय घास उतरत नाही. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीची आणि थायरॉइडची गोळी पूर्वीचीच चालू आहे. मिस्टर म्हणतात, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे एक सलाईन लावून घे, तरतरी येईल. एक तारखेपासून हिंजवडीला ऑफिस, मी स्कूटरनं जाते. पुढच्या आठवड्यात आषाढी. आजवर एकही एकादशी मोडलेली नाही. काय करू?"

नमस्कार,

तुमच्या पत्रात बरेच प्रश्न आहेत, पण त्यातला एक आजचा आहे. उलटी आणि अंधारी. हे वाचून झालं की तुमच्या सर्जनच्या ओपीडीला फोन लावा, पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका. फोनवर नेमकं सांगा: ऑपरेशनचा कितवा दिवस, आठवड्यात किती उलट्या, काल किती पाणी पोटात राहिलं, लघवीला किती वेळा गेलात, बीपीची गोळी कोणती. "बरं वाटत नाही" एवढंच म्हटलं तर पलीकडून "आराम करा" एवढंच उत्तर येतं.

सलाईन मात्र कोपऱ्यावर लावून घेऊ नका. अशक्तपणावर लावतात ती बाटली पुष्कळदा ग्लुकोजची असते. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं, म्हणजे बी-१. त्याचा अंगातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. तुम्ही चोवीस दिवस अगदी थोडं खाताय आणि त्यातलंही उलटून पडतंय, म्हणजे साठा तळाला गेला असण्याची शक्यता बरीच. अशा वेळी ग्लुकोज सोडलं की उरलंसुरलं थायमिन त्यात खर्ची पडतं आणि मेंदूला फटका बसतो. एकाचे दोन दिसणं, चालताना झोक जाणं, माणूस गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. वेळेत थायमिनची इंजेक्शनं मिळाली नाहीत तर नुकसान कायमचं राहू शकतं. बाकी कुठल्याही जीवनसत्त्वाची कमतरता इतक्या लवकर आणि इतक्या वाईट तऱ्हेनं अंगावर येत नाही.

म्हणून कुठेही सलाईन लावायची वेळ आली तर हे वाक्य मिस्टरांनी पाठ करून ठेवावं: "हिची स्लीव्ह झालीये, उलट्या होताहेत, आधी बी-१ द्या, मग ग्लुकोज." दुसरं म्हणजे नाकातून पोटात नळी घालायची म्हणाले तर तुमच्या सर्जनशी बोलल्याशिवाय घालू देऊ नका. अंदाजानं सरकवलेल्या नळीनं ताज्या टाक्यांना इजा होऊ शकते. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोन फोनमध्ये असू दे. रात्री अडीच वाजता फाइल कुणाला सापडत नाही.

आता अंधारी. ती दोन कारणांनी येते आणि तुमच्या बाबतीत दोन्ही हजर आहेत. एक, पाणी कमी पडतंय. दुसरं, बीपीची गोळी ११२ किलोच्या आणि तीन वेळा जेवणाऱ्या बाईसाठी ठरवलेली होती. खाणं आणि मीठ घटलं, वजन उतरलं, की बीपी आपोआप खाली येतं आणि जुना डोस जास्त ठरतो. गोळीच्या स्ट्रिपची मागची बाजू वाचा. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे नाव दिसलं तर तिच्यात लघवी वाढवणारं औषध आहे, म्हणजे आधीच कोरड्या पडलेल्या शरीरातून आणखी पाणी बाहेर. घरी मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्या, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना तसं सांगा. गोळी मनानं बंद करू नका, पण "पुढच्या वेळी विचारू" असंही नको. आज विचारायचं. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या वाचकांनाही हेच लागू आहे, जरा जास्तच, कारण तिथे जुन्या डोसनं साखर एकदम खाली जाते.

आणि ही लक्षणं दिसली तर फोन नाही, थेट इस्पितळ: बसल्या जागी नाडी मिनिटाला १२० च्या वर आणि ती उतरत नाही; ताप १०१ च्या पुढे; पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारी कळ; धाप; एकाच पायाची पोटरी सुजणं-दुखणं; दिवसभरात पाण्याचा घोटही न टिकणं. टाक्यांच्या रेषेतून गळती झाली तर नाडी आधी धावू लागते, पोट नंतर दुखतं, आणि हे तीन-चार आठवड्यांनीही होऊ शकतं. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच हीसुद्धा त्याच यादीत. लोहाच्या गोळीनंही शौच काळपट होते, पण ती चिकटत नाही आणि तसा वास मारत नाही. १०८ ला फोन केला की ॲम्ब्युलन्स येते, पैसे पडत नाहीत.

एवढं झालं, आता भाताकडे वळू.

सासूबाईंचं चुकलं असं म्हणवत नाही. आजारातून उठलेल्या माणसाला मऊ भात, मेतकूट, वर तुपाची धार, हे आपल्या घरांतलं पिढ्यान्‌पिढ्यांचं पथ्य आहे आणि टायफॉइडला, बाळंतपणाला, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला ते चाललं. तिथे जठर पूर्वीचंच होतं. तुमचं आता तसं नाही. पाऊण किंवा त्याहून जास्त भाग काढलाय आणि उरलीय ती केळ्यासारखी बाकदार अरुंद नळी, १०० ते १५० मिलीची. आमटीच्या वाटीत मावेल इतकंच. शिवाय जो भाग काढला तो जठराचा फुगणारा भाग. पूर्वी एक घास जास्त झाला तर पोट सैल होऊन जागा करायचं. ही नळी ताणत नाही, तिच्यात नुसता दाब वाढतो. त्यातही मधोमध जो बाक आहे तिथे पहिले काही आठवडे सूज असते.

अशा नळीत भाताचं काय होतं बघा. शीत कितीही मऊ शिजलं तरी ते पिठूळ असतं. चावलं की त्याचा चिकट गोळा बनतो, नळीत अजून पाणी ओढून फुगतो आणि बाकावर जाऊन बसतो. तुपामुळे पोट रिकामं व्हायला आणखी वेळ. वरून पुढचा घास येतो, मग तुम्ही घोटभर पाणी पिता. पाण्याला खाली वाट नाही, वर ढकललं जातं. अडकलेलं सरकवण्यासाठी शरीर भराभर लाळ आणि चिकट स्राव सोडतं, तोच तुमचा फेस. म्हणजे उलटी ही पोट बिघडल्याची खूण असेलच असं नाही. चोविसाव्या दिवशी दाणा आणि पाणी एकत्र गेल्याचीही ती असते. पण सर्जननी हे ठरवू दे. नळीच आक्रसली असेल तर वाटलेलंही अडतं आणि त्याला वेगळा उपाय लागतो. सोपी परीक्षा अशी: दोन दिवस तक्त्याप्रमाणे फक्त पातळ आणि वाटलेलं घेतलं आणि उलटी थांबली, तर दोष भाताचा. तरीही होत राहिली, तर दुर्बीण टाकून बघावं लागेल.

मऊ भाताची दुसरी अडचण अशी की त्यात तुम्हाला हवं ते जवळपास नाहीच. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात प्रोटीन अडीच ग्रॅमच्या आसपास, चमचाभर मेतकुटात ग्रॅमभर, तुपात शून्य. तुम्हाला दिवसाला किमान ६० ग्रॅम हवंय. चार घासांचीच जागा असताना ती भातानं भरली तर शरीर प्रोटीनसाठी स्वतःचे स्नायू मोडतं. तो अशक्तपणा तूप-भातानं वाढतो, आणि अशक्तपणा दिसला की घरचे अजून भात वाढतात. रव्याची खीर, शिरा, साबुदाण्याची पेज यांचंही तेच.

मग काय खायचं? तक्ता तुमच्या डाएटिशियनचा पाळा, प्रत्येकीचा थोडा वेगळा असतो. साधारण रीत अशी की पहिले दोन आठवडे पातळ, तिसरा-चौथा वाटलेलं, पाचवा-सहावा मऊ, आणि साधं जेवण सात-आठ आठवड्यांपासून. "वाटलेलं" कशाला म्हणायचं यावर घराघरांत वाद होतात, तर चमचा आडवा केला की पदार्थ हळूहळू घसरतो आणि जिभेनं टाळूवर दाबला तर कण लागत नाही, ते वाटलेलं. घोटलेलं वरण म्हणजे वाटलेलं नव्हे, त्यात टरफल-दाणा राहतो. मिक्सर आणि गाळणी दोन्ही लागतात.

मुगाचं कढण या अवस्थेला चांगलं. २५ ग्रॅम मूगडाळ, म्हणजे लहान मूठभर, कोरडी भाजून हिंग-हळद घालून कुकरमध्ये गाळ शिजवायची. गार झाल्यावर मिक्सरमधून काढून गाळायची आणि १२० मिलीपर्यंत पातळ करायची. यात सहा ग्रॅम प्रोटीन. निम्मं दुपारी, निम्मं संध्याकाळी. जिरं चालेल, तिखटाची फोडणी अजून नको. चक्का हा दुसरा पदार्थ. गायीच्या दुधाचं दही पंच्यात बांधून चार-पाच तास टांगलं की १०० ग्रॅम चक्क्यात नऊ-दहा ग्रॅम प्रोटीन येतं. साखर घालून त्याचं श्रीखंड करायचं नाही, एवढा मोह आवरा. खालचं निवळ पाणी फेकू नका, मीठ आणि जिरेपूड घालून ते घोटाघोटानं प्या.

एका दिवसाचा हिशेब मांडून बघू. २०० मिली साय काढलेल्या दुधात एक स्कूप व्हे पावडर (दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनची पूड), सकाळ-संध्याकाळ निम्मं निम्मं: तीस ग्रॅम. चक्का ५० ग्रॅम दोनदा: नऊ-दहा. कढण वरच्या मापानं एकदा आणि तसंच मसुरीचं एकदा: बारा. घरचं मऊ पनीर ४० ग्रॅम, ताकात वाटून: सात. दिवसभरातलं पातळ ताक: दोन-तीन. झाले साठ. सहा-सात वेळा खाल्लं तरच हे बसतं, तीन जेवणांत बसत नाही. व्हे पावडर घेताना डब्याच्या मागे एका स्कूपला २० ते २५ ग्रॅम प्रोटीन आणि साखर पाच ग्रॅमच्या आत आहे ना ते बघा. दुधात घालायच्या चॉकलेटी पौष्टिक पावडरी वेगळ्या, त्यात माल्ट आणि साखरच जास्त. व्हे उकळत्या कढणात टाकली तर गुठळ्या होतात. कोमट झाल्यावर घाला. अंडं चालत असेल तर मऊ उकडून ताकात वाटलेल्या एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात, पण चातुर्मासात तुमच्याकडे ते घरात येत नसावं असा अंदाज आहे.

खाण्याची पद्धत हा अर्धा उपचार आहे. चहाचा चमचा, मोठा नाही. एक चमचा तोंडात, तो गेला की चमचा ताटात खाली ठेवायचा आणि अर्धा मिनिट थांबायचं. साठ मिली कढणाला वीस मिनिटं लागली पाहिजेत. टीव्हीसमोर नको, फोनवर बोलताना तर नकोच. पोट भरल्याची खूण आता पोटात येत नाही. छातीच्या मधोमध दाटतं, उचकी लागते, शिंक येते, नाकातून पाणी येतं. यातलं काहीही झालं की तिथेच थांबायचं. "एवढा एकच चमचा उरलाय, टाकवत नाही" हा आपला स्वभाव आहे, आणि उलटी बहुतेक त्या शेवटच्या चमच्यानंच होते. उलटी झाली तर पुढचे चोवीस तास पुन्हा फक्त पातळ. उलटीनंतर लगेच "पोट रिकामं झालं, खाऊन घे" असं कुणी म्हणेल, ऐकू नका. नळी सुजलेली असते.

पाणी जेवताना नाही. आधी अर्धा तास बंद आणि नंतर अर्धा तास बंद. तुम्हाला घासाबरोबर पाणी लागतंय त्याचा अर्थ इतकाच की घास कोरडा आहे किंवा मोठा आहे. एरवी दिवसाला दीड लिटर हवं. गटागट पिणं गेलं आता, म्हणून माप असं ठेवा: औषधाच्या मापाच्या टोपीनं ३० मिली मोजायचं, दर पंधरा-वीस मिनिटांनी एकदा. तासाला १०० मिली, पंधरा तासांत दीड लिटर. जेवणाच्या वेळांत जे राहील ते कढण, दूध, ताक यातून भरून निघतं. गार पाण्यानं छातीत आवळल्यासारखं वाटत असेल तर कोमट घ्या. नारळपाणी, पातळ ताक, मीठ-लिंबूपाणी बिनसाखरेचं, सगळं चालतं. उसाचा रस आणि सोडा नाही. सोड्याचे बुडबुडे या नळीत फुगतात. चहा महिनाभर तरी राहू दे. अमृततुल्य कुठे पळून जात नाही.

पाणी पुरतंय की नाही हे लघवीच्या रंगावरून ओळखा असं सगळीकडे सांगतात. तुमच्या बाबतीत ते फसवं आहे, कारण मल्टिव्हिटॅमिनमधल्या बी-२ नं लघवी गडद पिवळी होतेच. रंगाऐवजी वेळा मोजा. दिवसात चारच्या खाली गेल्या तर पाणी कमी.

गोळ्यांचं वेळापत्रक कुणी समजावून सांगत नाही आणि सगळ्या एका मुठीत घेतल्या की निम्म्या वाया जातात. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी. तिच्या चार तासांच्या आत कॅल्शियम नाही आणि लोह नाही, नाहीतर ती शोषली जात नाही. ॲसिडची गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. लोह असलेलं मल्टिव्हिटॅमिन दुपारी, कॅल्शियम संध्याकाळी आणि रात्री, लोहाची वेगळी गोळी असेल तर तीही दुपारी. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तास. लोहाच्या आगेमागे चहा नाही. पाळी चालू असलेल्या बाईला या ऑपरेशननंतर दिवसाला ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागतं, मल्टिव्हिटॅमिनमध्ये बहुधा त्याहून कमी असतं. मोठ्या गोळ्या पहिले काही आठवडे चघळायच्या किंवा कुटून घ्यायच्या, पण सगळ्याच कुटता येत नाहीत. ॲसिडची कॅप्सूल आणि नावापुढे एसआर किंवा ईआर लिहिलेल्या गोळ्या कुटायच्या नाहीत.

कॅल्शियमच्या स्ट्रिपवर जरा वेळ घालवा. दुकानात "कॅल्शियम ५००" मागितलं की बहुधा कार्बोनेट मिळतं. ते विरघळायला ॲसिड लागतं, आणि तुमचं ॲसिड ऑपरेशननं आणि गोळीनं दोन्हीकडून कमी झालंय. सायट्रेट मागा. मागच्या बाजूला "एलिमेंटल कॅल्शियम" किती ते वाचा, कारण सायट्रेटच्या १००० मिलिग्रॅममध्ये खरं कॅल्शियम २१० च्या आसपासच असतं. दिवसाला गोळ्या आणि आहार मिळून १२०० ते १५०० हवं, आणि एका वेळी ५०० ते ६०० च्या वर शरीर नीट घेत नाही, म्हणून डोस फोडून. बी-१२ शाकाहारी माणसाचं आधीच काठावर असतं. ते शोषायला जठरातून जो घटक लागतो तोही आता कमी बनतो. रोजची गोळी किंवा महिन्याचं १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, दोन्हींपैकी एक, आयुष्यभर. "आता बरं वाटतंय" म्हणून सोडलेल्या बी-१२ चं दुखणं वर्षा-दोन वर्षांनी पायांच्या मुंग्यांतून कळतं. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड दिलं असेल तर ते सहा महिने घ्यायचं, पहिलं पाकीट संपलं म्हणून थांबवायचं नाही.

अंगदुखीवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉल चालतं. बद्धकोष्ठ झालं तर हात आपोआप इसबगोलच्या डब्याकडे जातो. तो आत्ता नको. ते फुगायला पेलाभर पाणी लागतं आणि तेवढं तुम्ही एका वेळी पिऊ शकत नाही, मग ते नळीतच फुगून बसतं. सर्जनला लॅक्टुलोजसारखं पातळ औषध विचारा.

तीन महिन्यांच्या सुमाराला केस गळायला लागतील. हातात पुंजका येईल, घाबरायला होईल. वजन वेगानं उतरलं की असं होतं, आणि प्रोटीन-लोह नीट असेल तर सहाएक महिन्यांत नवे केस यायला लागतात. बायोटिनच्या गोळ्या घेतल्याच तर थायरॉइडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस बंद करा. त्यांनी रिपोर्ट खोटा येतो. वजन उतरलं की पाळी आणि बीजनिर्मिती सुधारते, आधी दिवस राहत नव्हते त्यांनाही राहतात. बारा ते अठरा महिने मूल नको, तेव्हा गर्भनिरोधनाचं आत्ताच बोलून घ्या.

आता तो काटा. पहिल्या पंधरवड्यात नऊ किलो गेले, त्यातला मोठा वाटा पाण्याचा होता. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा संपला, पाणी गेलं. आता चरबी जळतेय, पण शरीर पाणी परत धरतंय, म्हणून काटा स्थिर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हे इतक्यांना होतं की न झालं तर नवल. दिवसाला पाचशे-सहाशे कॅलरी खाऊन चरबी वाढत नाही, हे गणित आहे. वजन आठवड्यातून एकदाच, सोमवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यांत. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा "किती उतरलं?" विचारेल, "डॉक्टरांना विचारा" हे पुणेरी उत्तर द्यायला हरकत नाही. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात साधारण मूळ वजनाचा पाव हिस्सा किंवा थोडं जास्त जातं. त्या वाटेवर नऊ दिवस काहीच नाहीत.

ऑफिसचं बोलायचं तर बैठ्या कामाला चार आठवड्यांनी हरकत नसते, पण तुमची उलटी आणि अंधारी थांबल्याशिवाय एक तारीख धरू नका. स्कूटर सहा आठवड्यांपर्यंत नको. अंधारी हे कारण आहेच. दुसरं कुणाच्या लक्षात येत नाही: गाडी डबल स्टँडवर ओढताना जो हिसका बसतो तो पोटाच्या स्नायूंवर, आणि दुर्बिणीची भोकं वरून भरली तरी आतून कच्ची असतात. तिथून हर्निया होतो. पाण्याची भरलेली बादली दहा किलोची तरी, सिलिंडर तर तीसच्या आसपास; तुमची मर्यादा अजून चार-पाच किलो आहे. कंपनीच्या बसनं जा, लॅपटॉप पाठीवर आणि बाकी काही नको. चांदणी चौकात बस अडकली तर कढण ओतण्याजोगं पातळ राहणार नाही, म्हणून बाटलीत दूध-व्हे न्या, आणि उरलेलं तासा-दोन तासांत फेकून द्या, नासतं. चालणं मात्र आजपासून, दिवसातून तीनदा दहा मिनिटं, पाऊस असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये. अंधारी गेली की तीस मिनिटांपर्यंत वाढवा. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, रोज दोनदा, स्नायू त्यानंच राहतात. टेकडी सहा आठवड्यांनंतर, आणि निसरडं असेपर्यंत तीही नको.

राहिली एकादशी. ती मोडायची गरज नाही, निर्जळी करायची नाही एवढंच. पाणी आणि गोळ्या रोजच्यासारख्या, त्यांना उपासातून सूट घ्या. साबुदाणा भातापेक्षा वाईट, चिकटपणात त्याचा हात कुणी धरणार नाही आणि प्रोटीन नावाला. वऱ्याच्या तांदळाचंही अजून नको. दूध, चक्का, ताक, ताकात वाटलेलं पनीर हे सगळं उपासाला चालतं आणि तुमच्या तक्त्यातही बसतं. दूध-व्हे दोनदाऐवजी तीनदा घ्या म्हणजे कढणाची तूट भरून निघते. दाण्याची आमटी या वेळी राहू दे, तिच्यातलं तेल झेपणार नाही. बटाट्याचा कीस आणि वेफर्सचं ताट घरात फिरेल तेव्हा तुम्ही चक्क्याची वाटी घेऊन दुसऱ्या खोलीत बसा. आणि द्वादशीला सासूबाई पारण्याचं ताट वाढतील त्यात भाताची मूद असणारच; ती नैवेद्याला राहू दे, तुमचा पहिला चमचा मिक्सरमधून काढलेल्या वरणाचा.